विलायती सायकल : कारखान्यातून संग्रहात

ब्रिटनमधला सायकलीचा धंदा शिवणयंत्राच्या कारखान्यात सुरू झाला. १८६८ साली कॉव्हेंट्री सोइंग मशीन कंपनीच्या व्यवस्थापकाचा पुतण्या रौली टर्नर पॅरिसहून एक फ्रेंच 'व्हेलॉसिपीड', म्हणजे पायडलची आद्य सायकल, घेऊन आला आणि अशी वाहने इथेच बनवावीत, असे त्याने काकांना पटवले. पुढच्याच वर्षी कंपनीने आपले नाव बदलून कॉव्हेंट्री मशिनिस्ट्स कंपनी असे ठेवले. माल जायचा होता फ्रान्सला, पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, पॅरिसची बाजारपेठ बंद झाली आणि तयार मालाला गिऱ्हाईक ब्रिटनमध्येच शोधावे लागले. त्या कारखान्याचा कर्ताधर्ता कारागीर जेम्स स्टार्ली याने त्याच साली विल्यम हिलमनच्या जोडीने 'एरियल' या सायकलीचे पेटंट घेतले. पुढचे चाक मोठे, मागचे लहान, आणि दोन्ही चाकांना लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या तारा.

चाक मोठे करण्यामागे हौस नव्हती, हिशेब होता. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाच्या परिघाएवढेच अंतर कापले जाई. वेग हवा तर चाक वाढवायचे, आणि ते वाढणार स्वाराच्या पायाच्या लांबीएवढेच. म्हणून या सायकली अंगाला बेतून घेतल्या जात. या हिशेबाची खूण अजून टिकून आहे. ब्रिटिश सायकलस्वार आजही गिअर इंचांत सांगतो. '६५ इंची गिअर' म्हणजे ६५ इंच व्यासाच्या उंच चाकाने जे अंतर कापले असते ते. उंच चाकाचा धोकाही तसाच उघड होता. वाटेत धोंडा आला की स्वार हँडलवरून पुढे डोक्यावर आपटे.

जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली 'रोव्हर' बाजारात आणली आणि हा प्रश्न सोडवला. चेनने मागचे चाक फिरवले की चाकाचा आकार आणि गिअर यांची फारकत होते, मग चाक लहान ठेवूनही वेग मिळतो. पहिल्या नमुन्याचे पुढचे चाक अजून ३६ इंची होते, पण थोड्याच वर्षांत दोन्ही चाके सारखी झाली आणि सांगाडा आजच्या चौकटीवर स्थिरावला. लहान चाकांना हादरे जास्त बसत. त्यावर तोड निघाली बेलफास्टमध्ये. जॉन बॉयड डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हीच कल्पना रॉबर्ट थॉमसनने १८४० च्या दशकातच नोंदवून ठेवली होती, त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे टिकले नाही. टायर मात्र टिकला.

मग आली १८९५-९६ ची लाट. लंडनचा उच्चभ्रू वर्ग बॅटरसी पार्कमध्ये सायकली फिरवू लागला आणि शेअरबाजारात सायकल कंपन्यांचे पेव फुटले. अर्नेस्ट टेरा हूली या दलालाने डनलॉपचा टायर कारखाना तीस लाख पौंडांना घेऊन लगोलग पन्नास लाखांना लोकांच्या गळ्यात घातला. दोन वर्षांत हूलीचे दिवाळे वाजले. त्याच्याआधीच, १८९७ मध्ये, मागणी कोसळून बाजार बसला होता. पण भाव उतरले आणि श्रीमंतांचे खेळणे कारकून, कामगार, शिक्षिका, पोस्टमन यांच्या हाती आले. पुढच्या साठ वर्षांची ब्रिटिश सायकल या गिऱ्हाइकाने घडवली, आणि आजचे संग्राहक जिच्यामागे धावतात ती बहुतेक करून हीच.

ही सायकल सहसा एका कारखान्याची नसे. बर्मिंगहॅमचा जॉन बोल्टबी ब्रूक्स घोड्याचे सामान बनवी. घोडा मेल्यावर तो उसनी सायकल चालवू लागला, तिची कडक सीट सोसवेना म्हणून स्वतःच कातडी सीट करायला बसला, असे सांगतात. तिचे पेटंट १८८२ चे. बर्मिंगहॅमच्याच आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये अशा नळ्यांचे पेटंट घेतले, ज्यांची भिंत सांध्याजवळ जाड आणि मध्ये पातळ असते. ताकद जिथे लागते तिथे लोखंड राखायचे आणि बाकीचे वजन कमी करायचे, असा तो बेत. चेन मँचेस्टरच्या हान्स रेनोल्डच्या रोलर चेनच्या घराण्यातली. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए, हा मुळात बंदुकांचा कारखाना. तो हब, क्रँक, सांध्याच्या टोप्या असे सुटे भाग विकी आणि गावोगावचे दुकानदार ते जोडून स्वतःच्या नावाची सायकल बनवत. म्हणून एखाद्या भागावर तिवईसारख्या उभ्या केलेल्या तीन बंदुकांचा शिक्का दिसला, म्हणजे ती सायकल बीएसएची ठरत नाही. नवखे संग्राहक इथे हमखास फसतात.

नॉटिंगहॅमची रॅले कंपनी याला अपवाद होऊ पाहत होती. रॅले स्ट्रीटवरच्या एका लहान कारखान्यात आठवड्याला तीन सायकली होत असत. हाँगकाँगहून पैसा कमावून आणि प्रकृती बिघडवून परतलेला फ्रँक बाउडन डॉक्टरच्या सल्ल्याने सायकल चालवू लागला, बरा झाला आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने या कारखान्यातच भांडवल घातले. १८९६ पर्यंत रॅले स्वतःला जगातला सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणवू लागली होती. बाउडनचे धोरण होते की शक्य तो प्रत्येक भाग घरातच बनवायचा. त्याच धोरणातून तीन गिअरचा हब रॅलेकडे आला.

१९०२ च्या या हबवर हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची नावे आहेत. प्रत्यक्षात आर्चरच्या नावाने नोंदलेली रचना विल्यम राइली या अभियंत्याची होती, असे या हबच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. राइली आधीच्या एका कराराने बांधला गेला होता, म्हणून पेटंट आर्चरच्या नावे झाले. पुढच्या अनेक रचनांनंतर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'एडब्ल्यू' हा हब आला आणि तोच रस्त्यावर सर्वांत जास्त दिसला. तो उघडला की आत एका पक्क्या आसावर वीस दात्यांचे चाक दिसते. त्याला घट्ट धरून फिरणारी चार लहान चाके, त्यांनाही वीस-वीस दाते, आणि या सगळ्यांभोवती आतून साठ दाते असलेले कडे. चेन लहान चाकांच्या पिंजऱ्याला फिरवू लागली की कडे एक तृतीयांशाने जास्त फिरते, हा वरचा गिअर. चेनने कडे फिरवले आणि पिंजऱ्याने चाक, की वेग पाव हिश्श्याने उतरतो, हा चढाचा. मधल्या गिअरमध्ये चेनचे चक्र आणि चाक एकाच वेगाने फिरतात. मधला आणि वरचा यांच्यामध्ये एक रिकामी जागा आहे. गिअरची तार नीट ताणलेली नसेल तर ऐन जोर लावताना पायडल मोकळे फिरते आणि स्वार पुढे दांडीवर आदळतो. तारेचा ताण पाव फेरा इकडेतिकडे केला की ही खोड जाते. तरीही या एका कारणाने कित्येक उत्तम हब निकामी समजून भंगारात गेले.

या हबच्या कवचावर बनवल्याचे वर्ष, आणि पुढे महिनाही, ठोकलेला असतो. नुसत्या ८ चा अर्थ १९३८, तर ५२ आणि ५ म्हणजे मे १९५२. सांगाड्याच्या क्रमांकावरून वर्ष काढायला कारखान्याच्या नोंदवह्या लागतात, आणि त्या प्रत्येक कंपनीच्या उरलेल्या नाहीत. चाक मूळचे असेल तर हब मात्र स्वतःच आपले वय सांगतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या सायकलीच्या दोन शाखा झाल्या. एक सरळ बसायची काळी रोडस्टर. २८ इंची चाके, तारेऐवजी सळ्यांचे ब्रेक, पूर्ण झाकलेली चेन, वीस किलोच्या आसपास वजन. वुल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीमने तर चेन तेलाच्या बंद पेटीतच फिरवली. त्या पेटीमुळे तिच्या चेनला चिखल शिवत नसे, आणि या वर्गातली सर्वांत नेटकी बांधणी तिचीच. दुसरी शाखा हलक्या सायकलींची. सार्वजनिक रस्त्यांवर घोळक्याने शर्यती करायला ब्रिटनच्या सायकल संघटनेने बंदी घातली होती, त्यामुळे पहाटे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची पद्धत पडली. एका वेगाचा, फ्रीव्हील नसलेला हलका सांगाडा या प्रकाराला पुरे होता. लंडन आणि मिडलंड्समधले लहान कारागीर तो हाताने जोडत. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' नळी आणली आणि ती अशा सांगाड्यांची ओळख बनली. उत्तर लंडनच्या हेचिन्स यांनी मागच्या नळ्यांना वेलबुट्टीसारखे वळण दिले. त्यामुळे रस्त्याचे हादरे जिरतात, असे बनवणारे म्हणत. शर्यतीच्या छायाचित्रांत बनवणाऱ्याचे नाव झळकू देत नसत, तेव्हा लांबूनच ओळख पटावी म्हणून हा नखरा होता, असे इतर म्हणत. दुसरे कारण जास्त पटण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धाने कारखाने दारूगोळ्याकडे वळवले. बीएसएने हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध घडी होणारी सायकल साठ हजारांवर बनवली. दोन मोठ्या चक्री नटांनी तिचा सांगाडा जुळे. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनेडियन सैनिक सायकली खांद्यावर घेऊन उतरतानाची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. आज युद्धकाळातली ही सायकल संग्राहकांत चढ्या भावाने जाते. तिचे भाग वेगवेगळ्या सायकलींवरून गोळा करून 'अस्सल' नमुने जुळवले जातात, तेव्हा जुळणाऱ्या क्रमांकांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

युद्धानंतर काही वर्षे निर्यातीची चंगळ होती. मग ब्रिटिश कामगाराने मोटार घेतली. रॅलेने हंबर ही कंपनी १९३२ मध्ये आणि रज ही १९४३ मध्ये आधीच विकत घेतली होती, बीएसएचा सायकल विभाग १९५७ मध्ये घेतला. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने रॅलेच घेतली आणि हर्क्युलस व फिलिप्स या कंपन्या ज्यात होत्या तो आपला सायकल गट रॅलेत विलीन केला. तेव्हापासून एकाच कारखान्यातून सायकल निघे आणि बिल्ला तेवढा बदले. १९६२ च्या अलेक्स मोल्टनच्या लहान चाकांच्या, रबरी स्प्रिंगच्या सायकलीने थोडी जान आणली, पण रॅलेने १९६७ मध्ये तीही गिळली. स्टर्मी-आर्चरची यंत्रे २००० साली तैवानला गेली. नॉटिंगहॅममध्ये रॅलेची जुळणी २००२ मध्ये थांबली.

संग्रहाची हौस मात्र धंदा बुडण्याच्या पुष्कळ आधीची आहे. एच. डब्ल्यू. बार्टलीट या सायकल-पत्रकाराने दोन युद्धांच्या मधल्या काळात जुनी वाहने अडगळीतून सोडवायला सुरुवात केली. १९३१ मध्ये त्याने आपल्या संग्रहावर पुस्तक लिहिले. तो संग्रह कॉव्हेंट्री शहराला मिळाला आणि आज तिथल्या वाहतूक संग्रहालयात आहे. १९५५ मध्ये 'सदर्न व्हेटरन-सायकल क्लब' स्थापन झाला. तोच पुढे 'व्हेटरन-सायकल क्लब' झाला. त्याचे 'द बोनशेकर' हे नियतकालिक जुन्या सायकलींच्या अभ्यासाचा आधार मानले जाते. सुरुवातीला या मंडळींना उंच चाकांच्या सायकलींतच रस होता. रॅलेची साधी काळी रोडस्टर संग्रहात घ्यायची, हे त्यांना हास्यास्पद वाटले असते, कारण ती दाराबाहेर उभी होती आणि रोज कामाला जात होती. ती रस्त्यावरून दिसेनाशी झाल्यावरच तिला मोल आले. वेल्समधल्या लँड्रिंडॉड वेल्सचे राष्ट्रीय सायकल संग्रहालय आज अशा साध्या सायकलीही मानाने मांडते.

संग्राहकाची पहिली कसोटी ओळखीची. पुढचे दातेरी चक्र बघून बऱ्याचदा काम होते. रॅलेच्या चक्रात बगळे कोरलेले असतात, रजच्या चक्रात उघडा पंजा, बीएसएच्या चक्रात तीन अक्षरे, हंबरच्या चक्रात ओळीने धावणारी पाच माणसे. हंबरचा पुढचा चिमटा दोन-दोन नळ्यांचा, तो लपत नाही. त्यानंतर वय. धातूवर निकेलची झिलई असेल तर सायकल बहुधा १९३० च्या आधीची, क्रोम असेल तर नंतरची. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बदललेला, हे ठरवण्यात खरा वेळ जातो. सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून येत असल्यामुळे कोणती सीट, कोणता हब, कोणता दिवा एकत्र आले, हीच त्या सायकलीची कुंडली असते. ती एकदा विस्कटली की पुन्हा जुळवता येत नाही.

दुरुस्तीत सर्वांत नडतो तो कॉटर. पायडलचा दांडा आसाला या तिरप्या पाचरीने आवळलेला असतो, आणि पन्नास वर्षांच्या गंजाने ती आत चिकटून बसते. अधीर माणूस हातोडा घालतो. कॉटरचे आटे चेपतात, ठोक्याने आतले छर्रे आणि वाट्या खराब होतात. जाणकार चार दिवस रोज आत झिरपणारे तेल सोडतो, नट टोकापर्यंत सैल करून तिथेच ठेवतो, दांड्याखाली लोखंडी नळीचा टेकू देतो आणि मग एकच जोरकस घाव घालतो, किंवा खास दाबयंत्र वापरतो. बाजारात मिळणारे स्वस्त कॉटर मऊ असतात, म्हणून जुना शाबूत निघाला तर तोच घासून परत बसवणे बरे. रॅलेच्या सांगाड्यात आणखी एक मेख आहे. तिच्या क्रँकच्या वाट्यांना इंचाला २६ आटे असतात, बाकी बहुतेक ब्रिटिश सायकलींना २४. दुसऱ्या कुणाची वाटी जोर लावून बसवली तर सांगाडाच नासतो. उजवीकडची वाटी उलट्या आट्याची असते, हे विसरणारे तर तिला सोडवण्याऐवजी आणखी आवळत बसतात.

गंज काढायला पातळ ऑक्झॅलिक आम्ल चालते. त्यात भाग बुडवून ठेवला तर गंज निघतो आणि रंग बहुतेक शाबूत राहतो. आम्ल विषारी आहे, हातमोजे लागतातच. ब्रूक्सची सीट सुकून तडकलेली नसेल तर तिला आतून-बाहेरून मेणमिश्रित मलम थोडे थोडे जिरवावे लागते. तेलात भिजवलेले कातडे मऊ पडून लोंबते आणि मग टोकाचा ताणबोल्ट कितीही आवळला तरी परत आकार येत नाही.

वाद होतो तो रंगावरून. जुन्या कारखान्यांत सांगाड्यावर रंगाचे अनेक हात देऊन प्रत्येक हात भट्टीत भाजत, आणि वर सोनेरी बारीक रेघा हाताने ओढत. पूर्वीचे संग्राहक सगळे खरवडून नवा रंग देत आणि सायकल दुकानातून आत्ताच आल्यासारखी चकचकीत करत. आता कल उलटा आहे. उडालेला रंग आणि पुसट झालेल्या रेघाही जपाव्यात, गंज वाढणार नाही एवढेच पाहावे, असे बहुतेकांना वाटते. हा बदल योग्य आहे. रंग काढता येतो केव्हाही, मूळचा रंग परत आणता येत नाही. सांगाडा गंजाने खाल्लेला असेल तर मात्र हट्ट सोडून तो उघडाच करावा लागतो.

चालवायला या सायकली सुखाच्या, पण आजच्या सवयीच्या नाहीत. सळ्यांचे ब्रेक रीमच्या आतल्या बाजूला घासतात, पावसात त्यांचा भरवसा नसतो. उतार दिसला की वेग आधीच आवरावा लागतो. हबचा गिअर बदलताना पाय क्षणभर हलका करावा लागतो, पण सिग्नलला थांबल्याजागीही गिअर बदलता येतो, आणि ही सोय आजच्या मागच्या दातेरी चक्रांच्या सायकलीत नाही. लंडनमध्ये २००९ पासून 'ट्वीड रन' निघते. तिथे जुन्या पद्धतीचे लोकरी सूट घालून लोक रमतगमत फिरतात. २०१४ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमध्ये सुरू झालेल्या 'एरोइका ब्रिटानिया' या सायकलफेरीला १९८७ च्या आधीच्या रचनेची सायकल लागत असे, आणि चढ खरेखुरे होते.

महाराष्ट्रात या सायकलींचा संबंध हौसेआधी पोटापाण्याशी आला. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हंबर, हर्क्युलस, बीएसए बोटीने येत, आणि पुण्यासारख्या शहरात त्या दोन-तीन पिढ्या चालल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तसे ब्रिटिश कंपन्यांनी इथे भागीदार शोधले. मद्रासमध्ये १९४९ साली टीआय सायकल्स उभी राहिली आणि हर्क्युलस बनवू लागली. आसनसोलला सेन-रॅले होती. मुंबईच्या हिंद सायकलनेही तोच काळा साचा चालवला. हिंद आणि सेन-रॅले दोन्ही अखेरीस तोट्यात गेल्या आणि १९८० च्या कायद्याने सरकारजमा झाल्या. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या संग्रहालयात अशा जुन्या सायकली जवळून पाहता येतात. कंपन्या बुडाल्या तरी तो साचा मात्र टिकला. सळ्यांचे ब्रेक, कॉटरचे क्रँक आणि २८ बाय दीड इंची टायर असलेली सायकल ब्रिटनमध्ये बंद झाली तेव्हाही भारतातल्या दूधवाल्याला आणि शेतकऱ्याला ती लागतच होती. त्यामुळे त्या मापाचे टायर इथे बनत राहिले, आणि नॉटिंगहॅमची एखादी जुनी रॅले रस्त्यावर उतरवताना तिला बऱ्याचदा भारतीय बनावटीचेच टायर बसवले जातात.